फौजीचं डोकं

"चालून आलेली नोकरी घालवलीस," बसम्मा एसटीत पुन्हा म्हणाली. शेजारी बसलेला तिचा लेक शिवप्रकाश खिडकीबाहेर बघत राहिला.

मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगवर राखणदाराची जागा होती. निवृत्त फौजी म्हणून शेठनं त्याला आपणहून निरोप धाडला होता. मग कुणीतरी शेठच्या कानावर घातलं, की हा गडी दर महिन्याला परभणीला डोक्याच्या डॉक्टरकडं जातो. झालं. डोकं फिरलेल्याच्या हाती बंदूक कोण देणार?

"तुला काय झालंय? जेवायलास, झोपायलास, रानात राबायलास. खामखा दवाखाने. जाऊन सांग की शेठला."

"जाऊ दे, आई."

हे ऐकलं की बसम्माचं टाळकं सणकायचं. पारावरची माणसं 'फौजीचा नट ढिला' म्हणून खिदळायची, तरी याचं आपलं 'जाऊ दे'. तिनं स्वामींकडून विभूती आणली, तीही त्यानं निमूट कपाळाला लावून घेतली. पण डॉक्टर काही सुटेना.

आणि सुनेकडं बघून तर तिचा जीव तुटायचा. तो सरहद्दीवर होता तोवर ईश्वरीनं उशाशी फोन घेऊन वर्षं काढली. आता नवरा घरी आला, तर नशिबी हे. पोरगी वाळून चालली होती. डोळ्यांदेखत दूध उतू गेलं तरी तिला भान नसायचं. नवऱ्याच्या काळजीनं दुसरं काय होणार?

म्हणून नवरा-बायको दोघं नको नको म्हणत असतानाही आज बसम्मा हट्टानं त्यांच्यासोबत निघाली होती. डॉक्टरला तोंडावर सांगायचं, माझं लेकरू धडधाकट हाय, त्याला परत बोलवू नका, आणि तसं शेठलाही कळवा.

दवाखान्यात तिघं बाकावर बसली. आतलं दार उघडताच बसम्मा पदर खोचून उभी राहिली.

"ईश्वरीताई, या आत," नर्स म्हणाली.

ईश्वरी उठली. शिवप्रकाशनं तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली. "जा. मी हितंच हाय."

"तिला कशाला? पेशंट तर तू..." बसम्मा बोलता बोलता थांबली.

दार लागलं. शिवप्रकाश हळूच म्हणाला, "गावात मात्र माझंच नाव सांग, आई."