नदीकाठची गल्ली

सुनावणीचा हॉल चिडलेल्या माणसांनी भरला होता. भिंतीवर शहराचा नवा आराखडा लावला होता आणि नदीकाठची सबंध गल्ली त्यात हिरव्या रंगाखाली गेली होती. पाऊस दरवर्षी बेभान होत चालला होता. पुराला पसरायला मोकळी जागा ठेवायची, तर तिथली घरं हलवणं भाग होतं. नगररचनाकार ऋजुता हे तासभर समजावत होती.

"तुमचं काय जातंय, मॅडम?" एकजण ओरडला. "स्वतःचं घर असतं तर अशी रेघ ओढली असतीत?"

ऋजुतानं आराखड्यावरच्या त्या रेघेकडे पाहिलं. ज्या दिवशी तिनं ही रेघ ओढली, त्या दिवसापासून अण्णा, तिचे वडील, तिच्याशी बोलले नव्हते.

तेवढ्यात मागच्या रांगेतून तेच उठले.

"घाटाजवळचं तिसरं घर माझं आहे," ते म्हणाले. "आणि ही माझी लेक. तिनं ते वगळलं नाही."

अण्णा काठी टेकत तिच्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "नव्या घरात तुझ्या आईचा झोपाळा टांगायला कडी असेल ना गं?"