अर्धी भरलेली बाटली

जुन्या लष्करी वस्तू जमवणारा रजत नागपूरहून कामठीला सुगंधाबाईंकडे आला होता. त्यांचे यजमान रणगाड्यावर होते, एकाहत्तरच्या लढाईत वाळवंटात गेले. पलटणीने घरी पाठवलेली त्यांची पिशवी सुगंधाबाईंनी आज पहिल्यांदाच उघडू दिली.

रजतने पिस्तुलाचं रिकामं चामडी कव्हर उन्हाकडे धरून पाहिलं.

"हे आता कुठे मिळत नाही, आजी. याला चांगली किंमत येईल."

मग त्याने पाण्याची बाटली उचलली. झाकण घट्ट बसलं होतं. कानाशी नेऊन त्याने ती हलवली, तसं आत काहीतरी हळूच डुचमळलं.

"पाणी आहे आत. अर्धी भरलेली आहे."

सुगंधाबाई झोपेतून उठल्यासारख्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"त्याइचंच पाणी?"

"त्यांचंच. झाकण कोणी उघडलेलंच नाही. रिकामी करू का? आतून बघितल्याशिवाय किंमत सांगता येणार नाही."

"नको गा." त्यांनी बाटली दोन्ही हातांनी मांडीवर घेतली. "इतके वर्षं सपनात येऊन पाणी मांगत होते. मले वाटे, तहानलेलेच गेले."