उद्याचं पोट

सायकलचं हँडल पोटात घुसून सहा तास झाले होते. नऊ वर्षांची रेवा यंत्राखाली कण्हत पडली होती आणि तिचे वडील टिपणीस ऑपरेशनच्या कागदावर काही केल्या सही करत नव्हते.

"डॉक्टर, पडद्यावर उद्याचं पोट दिसतंय ना? स्वादुपिंड ठणठणीत आहे. मग पोरीचं पोट फाडता कशाला?"

डॉ. शुभदा घैसास यांनी कपाळाला हात लावला. स्वादुपिंडाची चीर साध्या सीटी स्कॅनमध्ये पहिल्या दिवशी बऱ्याचदा चकवते, म्हणून उद्या या टेबलावर काय दिसेल ते आजच दाखवणारं हे यंत्र आलं होतं. तेव्हापासून प्रत्येक नातेवाईक हेच विचारत होता.

"ठणठणीत आहे, कारण मी आज ऑपरेशन करणार आहे. पडद्यावर दिसतायत ते टाके माझेच आहेत."

"टाके पडलेच आहेत, तर पुन्हा कशाला?"

"मग न्या घरी," शुभदाबाईंनी वैतागून फाइल मिटली. या वेळी त्या खरंच विटल्या होत्या.

पडद्यावरचे टाके विरले. चिरलेलं स्वादुपिंड दिसलं, पोटभर साचलेलं पाणी दिसलं. टिपणीसांनी घाईने पेन उचललं, तसे टाके परत आले.

"झालं की बरं," म्हणत त्यांनी पेन खाली ठेवलं.

पडद्यावर नुसतं रिकामं टेबल उरलं.

"रेवा कुठे गेली?" त्यांनी हळूच विचारलं. शुभदाबाईंनी पेन त्यांच्यापुढे सरकवलं. टिपणीसांचा हात पुन्हा पेनाकडे गेला.

टाके दिसायच्या आत शुभदाबाईंनी यंत्राची वायर उपटली.