हवेच्या तोफा

तोफेची नळी पुन्हा खाली वाकली, तशी शिवणकाम करणारी पुतळाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मालक आबाजींनी तिच्याकडे रागाने पाहिलं. तपासणीला आलेले मेजर दातार शेजारीच उभे होते.

"बुडाशी हवा गळतेय," पुतळाबाईच्या जोडीची तेजस्विनी म्हणाली. "आतून दुसरी पट्टी मारते, मग नाही वाकणार."

मेजरांनी नुसती मान हलवली आणि ते पुढच्या तोफेकडे वळले.

चाकणच्या त्या शेडमध्ये पूर्वी दुकानांच्या उद्घाटनाचे मोठे फुगे आणि मुलांनी उड्या मारायचे हवेचे किल्ले बनायचे. मग आबाजींना सैन्याचं काम मिळालं आणि किल्ल्यांच्या जागी तोफा आल्या. रबरी कापडाच्या, पण मापाने आणि रंगाने हुबेहूब. ब्लोअर लावला की बघता बघता उभ्या राहायच्या. वरून टेहळणी करणाऱ्या ड्रोनला त्या खऱ्या वाटाव्यात आणि शत्रूने आपली महागडी क्षेपणास्त्रं त्यांच्यावर उधळावीत, एवढंच त्यांचं काम. बाहेर कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

तेजस्विनीने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. जयसिंग तोफखान्यात हवालदार होता. फोनवर त्याने कामाचं विचारलं, की मुलांच्या घसरगुंड्या शिवते, असं ती सांगायची. हे खोटं तिला डाचायचं. पण आपण नेमके कुठे आहोत हे तोही कधी सांगत नसे. तेव्हा फिटंफाट, असं ती मनाला समजवायची.

सीमेवर मारा सुरू झाला आणि तिचं कशात लक्ष लागेना. घरी सासूबाई टीव्हीसमोरून हलत नव्हत्या. बातम्यांत धूर दिसला, की दोघी एकमेकींकडे बघायचं टाळायच्या. जयसिंगचा फोन क्वचित लागायचा. शेडमध्ये आलं की मात्र हात चालू राहायचे, म्हणून ती ओव्हरटाइमला कधी नाही म्हणाली नाही.

मग एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज मोकळा होता. तोफा चालवायचं काम सध्या माझ्याकडे नाही, दुसरीकडे पाठवलंय, असं त्याने सांगितलं. काम काय, तर चूल पेटवायची, चहा उकळायचा, गाडी इकडची तिकडे न्यायची, धुतलेले कपडे दोरीवर टाकायचे. ती विचारत राहिली आणि तो हसत राहिला.

"सुट्टीच समज," तो म्हणाला. "आईला सांग, पोरगा ऊन खात बसलाय."

सासूबाईंनी त्या दिवशी शिरा केला. कितीतरी दिवसांनी दोघी पोटभर जेवल्या.

पुढच्या तपासणीला मेजर आले, तेव्हा तोफा ताठ उभ्या होत्या. पुतळाबाईला राहवलं नाही. एका तोफेच्या चाकावर थाप मारून ती तेजस्विनीला म्हणाली, "लढाई असली पायजे बग. कापड जळतंय, कुनाचं लेकरू जात न्हाई."

मेजरांना ते ऐकू गेलं असावं. ते थोडा वेळ हातातल्या फोनकडे बघत राहिले. मग पुढचा माल लवकर हवा, एवढंच आबाजींना सांगून ते देहूरोडच्या छावणीत परत गेले.

आठवडा उलटायच्या आत बातमी आली. शत्रूने त्यांच्या वाहिन्यांवर एक चित्रफीत दाखवली होती आणि आपली तोफांची आख्खी फळी उडवल्याचा दावा केला होता. शेडमधल्या बायका आबाजींच्या फोनभोवती गोळा झाल्या. पडद्यावर आगीचा लोळ उठला आणि कडेच्या तोफेची नळी मेणबत्तीसारखी वितळून कलली. पोलादाची नळी अशी कलत नाही. मग पुतळाबाईने टाळी वाजवली आणि एकच हशा उसळला.

आबाजींनी पेढे मागवले. तेजस्विनीने पेढा तोंडात घातला आणि तिचे डोळे भरून आले. हे क्षेपणास्त्र कुठल्या तरी खऱ्या तोफेवर पडणार होतं, कुठल्या तरी जयसिंगवर. तिच्या हातच्या कापडाने ते स्वतःवर घेतलं होतं. ह्या वेळी त्याला खरं सांगायचंच, मग ताकीद असो की काही असो, असं तिने ठरवलं. तिने फोन लावला. तो बंद होता. तिकडे फोन नेहमीच बंद असतात, म्हणून ती पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मेजरांची गाडी दाराशी थांबली. ह्या वेळी ते पूर्ण गणवेशात होते. शाबासकी द्यायला आले असणार, म्हणून आबाजी पेढ्यांचा बॉक्स घेऊन लगबगीने पुढे गेले. मेजरांनी पेढा घेतला नाही. तेजस्विनीला जरा ऑफिसात बोलवा, असं ते हळू आवाजात म्हणाले.

ती हात पुसत आली. पुतळाबाई दारापर्यंत तिच्यामागे आली. मेजर उभेच होते. त्यांनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं, तशी ती घाबरली.

"साहेब, मालात काही कमी राहिली का?"

"नाही ताई. काम चोख होतं तुमचं," मेजर म्हणाले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "पण नुसत्या कापडाला ड्रोन फसत नाही. चूल पेटलेली, कपडे वाळत घातलेले, माणसं वावरताना दिसावी लागतात. जयसिंग त्या कामाला आपणहून गेले होते."