शंभर ग्रॅम पालक

फ्रिजवरची चिठ्ठी तिनं दोनदा वाचली. ‘रोज शंभर ग्रॅम पालक. तोलून. एक दिवसही चुकवू नकोस.’ अक्षर मावशीचं होतं.

मावशी म्हणजे बाबांची दुसरी बायको. बहिणीच्या ऑपरेशनसाठी ती सकाळीच दहा दिवसांकरता गेली होती आणि बाबांना सांभाळायला लेक माहेरी आली होती.

लेकीची नोकरी खाण्याच्या पाकिटांवरचे पोषणाचे तक्ते तपासण्याची. कशात काय किती, हे तिला झोपेतून उठवून विचारावं. बाबांच्या हृदयाची झडप बदललेली. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज गोळी चालू. त्या गोळीचं आणि के जीवनसत्त्वाचं हाडवैर, हे तिला पाठ होतं. के वाढलं की गोळी निकामी, आणि गोळी निकामी झाली की गुठळी. शंभर ग्रॅम पालकात तर दिवसाच्या गरजेच्या चौपट के!

तिच्या पायाखालची जमीन सरकली. मागच्याच महिन्यात बाबांनी घर मावशीच्या नावावर केलं होतं.

“बाबा, ही रोज पालक घालते तुम्हाला?”

“घालते म्हणजे? समोर बसून संपवायला लावते. वर्ष झालं. आता नुसतं बें बें करायचं बाकी राहिलंय.”

“पण सांगितलं कुणी?”

“ते सगळं तीच बघते. रक्त तपासायला नेते, डॉक्टरांशी बोलते. मी मान डोलावतो. आपण बरं, आपला पेपर बरा.”

लेकीला समजायचं ते समजलं. गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच. फोन करून जाब विचारावा असं फार वाटलं, पण चोर सावध झाला असता. आधी बाबांना वाचवायचं, मग बाकीचं. फ्रिजमधल्या सगळ्या जुड्या तिनं कचऱ्यात टाकल्या आणि दुपारी दुधी शिजवला. गोळी मात्र रोज स्वतःच्या हातानं, वेळेवर दिली.

मावशीचा फोन यायचा. “पालक खातात ना गं?”

“अगदी चाटूनपुसून,” ती सांगायची. मनात म्हणायची, ये तू, मग बघते तुझ्याकडे.

सहाव्या दिवशी बाबांच्या ब्रशला रक्त लागलं. “दात घासता की भांडी?” ती रागावली. सातव्या दिवशी दंडावर निळा डाग उठला. कपाटाचं दार लागलं असेल, बाबा म्हणाले. नवव्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांचं डोकं भयंकर दुखायला लागलं आणि बघता बघता जीभ जड झाली.

गुठळी! तिला रडू फुटलं. मावशीनं डाव साधलाच.

हॉस्पिटलात नर्स घाईघाईनं इंजेक्शन भरत होती.

“हे कसलं?”

“के जीवनसत्त्व.”

“अहो, वेड लागलंय का तुम्हाला? मरतील ते!” ती किंचाळली. तिला धरून बाहेर नेऊन बसवलं.

मावशी पोचली तोवर सगळं संपलं होतं. बाबांचे नेहमीचे डॉक्टर दोघींसमोर येऊन उभे राहिले.

“गुठळी नव्हती. मेंदूत रक्तस्राव झाला. रक्त फार पातळ झालं होतं.” त्यांनी फाइल उघडली. “ह्यांच्या रक्ताच्या पातळपणाचं प्रमाण कधी स्थिर राहत नव्हतं. म्हणून मीच रोज मोजून पालक द्यायला सांगितला आणि त्या बेतानं गोळी वाढवली. वर्षभर छान चाललं. पालक एकदम थांबवला तर तीच गोळी विष, हे मी घरी बजावून सांगितलं होतं. मग थांबवला कुणी?”

मावशीनं एकदाच लेकीकडे पाहिलं आणि ती लेक नि डॉक्टरांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

“मी,” ती डॉक्टरांना म्हणाली. “मीच सांगून गेले होते हिला, पालक बंद कर म्हणून. पोरीला काय ठाऊक?”