पदराची पिन

“ही आमची हाऊसकीपर,” इशिता दारातच इंग्रजीत म्हणाली. “मला सोबत म्हणून आली आहे.”

दार उघडणारी ब्रुक आजीकडे बघून साखरेसारखं हसली. ब्रुक या घराची अध्यक्ष. घर म्हणजे कॉलेजातल्या मुलींची सोरोरिटी. एकदा शपथ घेतली की जन्मभराच्या बहिणी. इशिताची शपथ आज तीन वाजता होती आणि त्याआधी आया-आज्यांचं जेवण. आईला नाहीतर आजीला आणा, असं निमंत्रणातच लिहिलं होतं. आईला ऐन वेळी ड्यूटी लागली. इशिता एकटीच निघणार होती, तर सुलेखाआजी आधीच गाडीत जाऊन पट्टा लावून बसलेली. जांभळं इरकल, पायात पांढरे स्नीकर्स, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नातीचं कौतुक बघायला निघाली होती बाई.

“काय सांगितलंस गं तिला?” आजीने विचारलं.

“म्हटलं, माझी आजी आहे.”

“बरं केलंस.”

बाकीच्या आज्या दिवाणखान्यात मोत्यांच्या माळा घालून बसल्या होत्या. ब्रुकने आजीला स्वयंपाकघराच्या तोंडाशी ठेवलेली खुर्ची दाखवली आणि हातात कागदाचा कप दिला. आजी निमूट बसली. इशिताचा जीव भांड्यात पडला.

आजी चौथी शिकलेली. अमेरिकेत ट्रॉयला आल्यावर अकरा वर्षं तिने मोटेलच्या खोल्या झाडल्या, चादरी ओढल्या, आणि पोराला, म्हणजे इशिताच्या बापाला, इंजिनिअर केलं. हात अजून राठ आहेत. त्याच हातांनी मग इशिताला न्हाऊमाखू घातलं. म्हणून तर पोरीचं गुपित घरच्यांत फक्त आजीला ठाऊक होतं.

मागच्या कॉलेजात इशिता दुसऱ्याच एका सोरोरिटीत होती. तिथे एका नव्या मुलीच्या आईच्या बोलण्याची नक्कल करून हिने व्हिडिओ टाकला. चार दिवस लोक हसले. पाचव्या दिवशी बहिणींनी पत्र दिलं. तू आमची नाहीस, शपथेला दिलेली पिन परत कर. पिन सोन्याची, भोवती मोती. हातची कोण सोडतो? हरवली म्हणून कळवून टाकलं. आईबापाला सांगितलं, तिथलं शिक्षण बरं नाही, आणि कॉलेज बदललं. पिन आईच्या हाती लागू नये म्हणून आजीच्या बटव्यात गेली. त्या दिवशी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून हिने हुंदके दिले होते.

“अगं, मग दुसऱ्या घरात जा की.”

“चालत नाही, आजी. एकीकडे शपथ झाली की दुसरीकडे जन्मात घेत नाहीत. काढून टाकलं तरी नाही. यांना कळलं तर सगळं खलास.”

“म्हणजे टाकलेल्या बाईने कुमारिका म्हणून बोहल्यावर चढायचं!”

“तू कुणाला सांगू नकोस हं.”

“मी कुणाला सांगणार? मला कुठे यांची भाषा येते?”

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा आजी उठली. बाथरूम कुठे, ते खुणेने विचारलं. पाच मिनिटांनी बाहेर आली, ती खुर्चीकडे गेलीच नाही. सरळ दिवाणखान्यात येऊन इशिताच्या मागे उभी राहिली. मघापर्यंत खांद्यावरून मोकळा सोडलेला पदर आता चापूनचोपून बसवला होता. चार निऱ्या, आणि खांद्यावर ती पिन. मोती असे चमकत होते की शेजारची आजी कौतुकाने वाकली.

ब्रुक वाकली नाही. तिने पिन ओळखली. कॉलेजातल्या सगळ्याच मुली अशा पिना ओळखतात. शपथ घेतल्याशिवाय ती कुणी अंगाला लावत नाही.

“हिच्याकडे ही कुठून आली?”

इशिताने आजीकडे बघितलंही नाही.

“चोरली असेल,” ती म्हणाली. “दहा घरी कामाला जाते. मी आईला कितीदा सांगितलं, हिला काढून टाक म्हणून.”

आजीच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तिने शांतपणे पदराची पिन काढली आणि ब्रुकच्या तळहातावर ठेवली. पालथी.

पिनेच्या पाठीवर बारीक अक्षरं कोरलेली होती. ब्रुकने ती मोठ्याने वाचली. इशिताचं नाव, आडनाव, शपथेची तारीख. काटे-चमचे थांबले. कुणी आरडाओरडा केला नाही. या लोकांत करत नाहीत.

“तुझा कोट दाराशी आहे,” ब्रुक म्हणाली.

गाडीत बसल्यावर इशिता स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. तीन वाजायला दहा मिनिटं होती.

“तुला कळत कसं नाही गं?” ती ओरडली. “पदराला लावायला साधी सेफ्टी पिन नव्हती तुझ्याकडे? एक?”

आजीने पट्टा ओढायला हात वर केला. मनगटात बांगड्या होत्या, आणि बांगडीत, नेहमीप्रमाणे, सहा-सात सेफ्टी पिना अडकवलेल्या. त्या किणकिणल्या.

इशिताचं रडणं तिथेच थांबलं.

“माझ्याही छातीवर एक बिल्ला होता, इशू,” पट्टा लावत आजी म्हणाली. “मोटेलवाल्याने दिलेला. अकरा वर्षं लावला. त्याच्यावर काय लिहिलं होतं, ते मघाशी दारात तूच वाचून दाखवलंस.”