रानआल्याचा देठ

"खाली ठेवा," वाटाडी कोनिओ म्हणाली. हमालांनी डोली वाटेतच टेकवली.

समोर रानआल्याचा एक हिरवा देठ आडवा पडला होता. कोंबडीसुद्धा सहज ओलांडून जाईल एवढाच. पण कोकोडाच्या या डोंगरवाटेवर जन्मलेला माणूस असा देठ, म्हणजे वाट बंद असल्याची खूण, ओलांडत नाही. ज्याने घातला त्यानेच तो उचलायचा. आणि हा घातला होता कोनिओच्या सख्ख्या आईने, सिबोनाने. दोन पावसाळे झाले, जुना देठ सुकला की म्हातारी नवा आणून घालत होती.

डोलीवर परदेशी साहेब ब्रेंडन तापाने बरळत होता. पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा पडलेला. डोली म्हणजे दोन वासे आणि मध्ये ताणलेलं एक पोतं. महायुद्धात आमच्या आजोबांनी जखमी शिपाई याच जंगलातून असेच वाहून नेले होते. आईच्या मळ्यातून गेलं तर विमानाची धावपट्टी हाकेच्या अंतरावर. दलदलीतून वळसा घातला तर अंधार पडणार आणि आजचं विमान जाणार. उद्या शनिवार, आमच्या पंथाचा देवाचा वार, आणि रविवारी विमान येतच नाही. म्हणजे पुढचं विमान सोमवारी, आणि हा माणूस सोमवार काही बघत नव्हता.

"देठ ओलांडला की पाय सुजतो म्हणतात," हमालांतला एझ्रा पुटपुटला.

"याचा तर आधीच सुजलाय! आता आणखी काय सुजणार?" दुसरा म्हणाला. पण पाऊल कोणीच उचललं नाही.

कोनिओने अंगावरची घोंगडी ब्रेंडनच्या हनुवटीपर्यंत ओढली. त्याच्या गळ्यात एक विणलेली झोळी होती, आणि ती आईला दिसू द्यायची नव्हती. झोळी गावेराची होती, कोनिओच्या भावाची. दोन पावसाळ्यांपूर्वी गावेराने याच साहेबाचं ओझं वाहिलं होतं. नदीला अचानक लोंढा आला. गावेराने आपली हलकी झोळी तेवढी साहेबाच्या गळ्यात अडकवली, जड ओझं स्वतःच्याच पाठीवर राहू दिलं आणि साहेबाला काठाकडे ढकललं. साहेब निघाला, गावेरा नाही. मिळेल त्या विमानाने ब्रेंडन मायदेशी पळाला. त्या माउलीला तोंड दाखवायची त्याची हिंमत झाली नाही.

आता तो झोळी परत द्यायला आला होता. पहिल्याच मुक्कामावर त्याने ती दाखवली तेव्हाच कोनिओने हात पुढे केला. "माझ्याकडे द्या, मी पोचवते," ती म्हणाली होती. "आईसमोर नका जाऊ." तो ऐकेना. आपल्या हातानेच द्यायची म्हणाला. आमच्यात ज्याच्यापायी जीव जातो त्याला जाब द्यावा लागतो, आणि सिबोना नुसत्या तोंडाने जाब विचारेल याची खात्री कोण देणार? भावामागून त्याच वाटेवर वाटाडी झाली म्हणून आपल्यावरही तिचा राग असणार, असं कोनिओने धरूनच ठेवलं होतं. पायी फिरायला येणाऱ्या साहेबांच्या सगळ्या तुकड्या दलदलीतून जात, तशी तीही जाई.

मळ्यातून सिबोना आली. पाठीवर अळूसारख्या तारोच्या कंदांचं ओझं, हातात कोयता.

"कोण आहे?"

"पाहुणा आहे, आजारी. आई, आजचा दिवस देठ उचल. तुझ्या पाया पडते."

"पाहुण्याला नाव नसतं होय?"

कोनिओने घोंगडी पुन्हा वर ओढली. एझ्राने एकदम आभाळाकडे बघायला सुरुवात केली. तेवढ्यात ब्रेंडनने तापात हात झाडला आणि घोंगडी खाली घसरली.

लाल-काळा दोर. सिबोनाची वीण. बाई आपली वीण अंधारातही ओळखते, आणि इथे तर लख्ख दुपार होती.

कोनिओ धावत मध्ये उभी राहिली. "आई, त्याला शुद्ध नाहीये! बरा होऊ दे, मग काय ते विचार."

सिबोनाने तिला कोपराने बाजूला सारलं. कोयता खाली टाकला. डोलीपाशी फतकल मारून बसली, झोळीत हात घातला, मग तोंडच घातलं. आणि अशी हंबरून रडली की हमालांनी माना फिरवल्या.

मग ती उठली. देठ उचलला, गुडघ्यावर मोडला आणि झाडीत भिरकावला.

"बघत काय बसलात मुडद्यांनो? उचला! याला काढताना माझा पोरगा पाण्यात राहिला. हा मेला तर गावेरा दुसऱ्यांदा मरेल."

डोली तारोचे वाफे तुडवत निघाली. पुढे सिबोना, पुन्हा कोयता घेऊन फांद्या छाटत, कोणाचा पाय अडखळला की त्याच्या बापाचा उद्धार करत. विमान उभंच होतं. ब्रेंडनला आत चढवलं तेव्हा कोनिओ झोळी काढायला गेली. सिबोनाने तिच्या हातावर चापट मारली.

"राहू दे त्याच्याच गळ्यात. परत द्यायला यावं लागेल ना त्याला."

विमान डोंगरापलीकडे गेलं. हमाल गवतात आडवे झाले. दम लागलेली कोनिओ आईजवळ येऊन बसली. दोन पावसाळ्यांत पहिल्यांदाच.

"आई, मग एवढे दिवस वाट का अडवलीस? आम्हाला वाटलं, तुला कोणाचं तोंडच बघायचं नाही."

सिबोनाने जवळचं एक भाजलेलं रताळं मोडून अर्धं तिच्या हातात दिलं.

"उघड्या वाटेवरून माणूस मान खाली घालून निघून जातो गं. देठ दिसला की थांबेल, एक हाक मारेल, म्हणून घातला होता. तर तुम्ही सगळे आपले वळसेच घालत बसलात. तूसुद्धा."